स्टेन्सिलबाईंचा कीबोर्ड

स्टेन्सिलबाई टाईप करताना कागदाकडे बघत नसत, मशीनकडेही नाही. त्या मजकूर सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. समोरचा माणूस कितीही मोठा पुढारी असो, वाक्य सांगताना त्याची नजर खाली गेली की बाईंची बोटं थांबत. "हे खरं आहे ना, भिया? नाहीतर आधी चहा घ्या, विचार करा, मग सांगा." मिलमधले भलेभले त्या खुर्चीत घामाघूम झाले, असं माझे बाबा, मिलच्या कामगारांचे पुढारी, हसत सांगत.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, परदेशीपुऱ्यात, एका किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत बाईंचा टायपिंगचा क्लास होता. सकाळ-संध्याकाळ पोरं-पोरी नोकरीच्या परीक्षेसाठी टायपिंग शिकायला येत आणि दुपारी मिल कामगारांची पत्रकं निघत. ती काढायची तर मेणाच्या पातळ कागदावर अक्षरं कोरावी लागत. त्याला स्टेन्सिल कापणं म्हणत. मशीनची शाईची फीत बाजूला सारून टाईप करायचं, त्यामुळे काय उमटलं ते धड दिसायचंही नाही. चूक झाली की लाल रोगण लावायचं आणि ते वाळेपर्यंत फुंकर मारत बसायचं. बाईंच्या रोगणाची बाटली न वापरून वाळून दगड झाली होती. अख्ख्या मिल एरियात त्यांना स्टेन्सिलबाई म्हणत. त्यांचं खरं नाव मला बरीच मोठी झाल्यावर कळलं.

मी जन्मले तेव्हा मिल बंद पडली होती. घरात पुस्तकं कमी आणि जुन्या पत्रकांची ट्रंक मोठी, म्हणून मी अक्षरं 'मजदूर भाइयो' यावरून शिकले. आज मी स्वतः पत्रकं लिहिते, सांवेर रोडच्या कारखान्यांतल्या ठेक्यावरच्या कामगारांसाठी. पहिलं पत्रक घेऊन मी मोठ्या ऐटीत बाईंकडे गेले होते. त्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे. पण किती ओरडून राहिली तू! तीनदा ओरडलीस की चौथ्यांदा लोक कान बंद करतात."

वाचून घेतलं, कारण तोवर बाईंच्या डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. क्लास केव्हाच बंद झाला होता, मशिनी भंगारात गेल्या होत्या. मुलगी पुण्याला असते. दिवाळीनंतर ती बाईंना कायमची घेऊन जाणार होती. गणपती उठले त्याच आठवड्यात बाई मला म्हणाल्या, "जन्मभर लोकांनी सांगितलं ते टाईप केलं. जाण्याआधी एक पत्रक मला माझं काढायचंय."

"सांगा ना बाई, मी लिहून घेते."

"सांगायचं असतं तर कधीच सांगितलं असतं. मला तोंडानं विचार करता येत नाही गं. बोटांनी येतो."

माझा लॅपटॉप ऑफिसचा होता आणि त्यावर घरचं काही करायचं नाही हा नियम मी हट्टानं पाळत होते. उरला फोन. त्याच्या काचेवर बाईंची बोटं भांबावत. काचेला ना खळगा ना उंचवटा, बोट कुठे टेकवायचं? म्हणून घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड आणायचं ठरलं. इथे माझ्या फोनबद्दल सांगितलं पाहिजे. तो लिनक्सवर, म्हणजे कुणा एका कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो. आपल्या खिशातल्या यंत्रानं दुसऱ्याच्या मर्जीनं चालू नये, या तत्त्वासाठी मी तो घेतला. त्याचे फोटो धुरकट येतात आणि दुपारपर्यंत त्याची बॅटरी मान टाकते. बाबा विचारत, "हा फोन आहे की आंदोलन?" जेल रोडच्या दुकानदारानं तो उलटापालटा करून पाहिला. "दीदी, ये कौन सी कंपनी का है?"

"कंपनी का नहीं, मेरा है."

"तो गारंटी भी आपकी," असं म्हणून त्यानं कीबोर्ड पुढे सरकवला.

घरी तो पहिल्याच फटक्यात जोडला गेला. जुन्या टाईपरायटरची देवनागरी मांडणी कुणीतरी तयार करून ठेवली होती, तीही मी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या आधी बाईंकडे गेले, तर फोन कीबोर्डला ओळखच देईना. पुन्हा जोडणी करावी लागणार होती. ती अशी होते: फोन सहा आकडे दाखवतो, ते कीबोर्डवर टाईप करून एंटर मारायचं. फोनच्या नेहमीच्या पडद्यावर ते आकडे उमटतच नव्हते, म्हणून मी टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडून त्यात हुकूम टाईप करून ते काढले आणि कीबोर्डकडे हात नेला. बाईंनी माझ्या मनगटावर चापट मारली. "दुसऱ्याच्या मशीनला हात लावायचा नाही. तू आकडे सांग."

मी सांगितले. बाईंनी खटाखट दाबले. जोडणी फसली. पुन्हा सहा आकडे, पुन्हा फसली. चौथ्या वेळी झाली आणि बाईंनी दोन ओळी लिहिल्या, तोच पडदा विझला आणि नातं तुटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एकदाही जमलं नाही. "राहू दे गं," बाई म्हणाल्या, "मशीनला म्हातारी बाई आवडत नसेल." त्या हसल्या, पण कीबोर्डवरून हात काढून त्यांनी पदरात घेतले. ते मला पाहवलं नाही.

मी त्या दिवशी हे सॉफ्टवेअर करणाऱ्या लोकांना इंटरनेटवर पत्र लिहिलं. लिहिलं म्हणजे झोडपलं. तुम्ही स्वातंत्र्याच्या गोष्टी करता आणि एका दृष्टी गेलेल्या बाईला दारातूनच परत पाठवता, वगैरे. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या एका माणसानं दोन मुद्द्यांचं शांत उत्तर दिलं. पहिला: 'या उपकरणाची ओळख कायम ठेव' असा एक वेगळा हुकूम असतो, तो तुम्ही दिलेला दिसत नाही. दुसरा: जोडताना त्या कोणती बटणं दाबतात ते बघा, आम्हाला इथून दिसत नाही.

सकाळी मी आकडे सांगताना बाईंच्या बोटांकडे बघत राहिले. सात, तीन, चार बरोबर. "एक," मी म्हणाले. बाईंचा उजवा हात जागचा हललाही नाही. अनामिका होती तिथेच दाबली गेली.

"बाई, हे काय दाबलंत?"

"एक."

"एक वर आहे! डावीकडे, कोपऱ्यात."

"वर? वरती कुठला एक?" बाईंनी बोट नेऊन चाचपलं. मग त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "अगं, आमच्या इंग्रजी मशीनवर एकचं बटणच नव्हतं! लहान एल दाबला की झाला एक. मोठा ओ म्हणजे शून्य. पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना हेच शिकवलं मी!"

ज्या खेपेला आकड्यांत एक किंवा शून्य नसे, त्याच खेपेला दार उघडत होतं. मी नवे सहा आकडे मागवले, त्यांतही एक होता, बाईंनी या वेळी वरच्या कोपऱ्यातला एक शोधला आणि मी तो राहिलेला हुकूमही दिला. त्यानंतर कीबोर्ड कधी रुसला नाही.

मी खुशीत होते. बाईंनी विचारलं, "त्या लोकांना काय लिहिलं होतंस? वाच." मी वाचलं. वाचताना माझे कान तापले.

"पगार मिळतो त्यांना?"

"नाही. हौसेनं करतात."

"मग माफी माग. आधी विचारायचं, मग ओरडायचं. तूही बापासारखीच." त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "तुझ्या बापाला तर विचारायचं मलाही सुचलं नव्हतं."

त्याचा अर्थ मला पुढच्या सकाळींत कळत गेला. बाई खिडकीकडे तोंड करून टाईप करत आणि शेवटी मी ते त्यांना वाचून दाखवी. सुरुवात होती: 'वाइंडिंग खात्यातल्या माझ्या बायांनो.' मिलच्या शेवटच्या मोठ्या संपात कामगारांनी सात मागण्या ठरवून संपाच्या समितीकडे दिल्या होत्या. पाचवी सूत गुंडाळायच्या त्या खात्यातल्या बायकांची होती, तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर. बाईंची मैत्रीण गंगूबाई चार महिन्यांचं पोर सुताच्या टोपलीत निजवून मशीनवर उभी राही. पाचवी मागणी मूळची तिचीच. पत्रक निघालं तेव्हा त्यात सहाच मागण्या होत्या. बायका म्हणाल्या, बाईंकडून टाईप करताना ओळ राहून गेली असेल.

'माझ्याकडून ओळ राहिली नव्हती,' बाईंनी लिहिलं होतं. 'समितीनं ठरवलं आणि मला सहाच सांगण्यात आल्या. सांगणाऱ्यानं चौथीनंतर खाली बघितलं. मी ते बघितलं, आणि त्या एका दिवशी मी थांबले नाही. संप फुटू नये म्हणून बायकांना माझीच चूक वाटू दिली. गंगूबाई रागावली नाही. होतं कधी कधी, म्हणाली. ते मला सोसलं नाही. मग मी तिच्याकडे जाणंच सोडलं. थोड्याच दिवसांत पोरासाठी तिनं मिल सोडली.'

पुढच्या ओळीत सांगणाऱ्याचं नाव होतं. माझ्या बाबांचं.

मी, जी कारखानदारांची नावं मोठ्या टाईपात छापते, त्या सकाळी म्हणाले, "बाई, नाव हवंच का? 'समितीतल्या एकानं' म्हटलं तर चालणार नाही?"

बाईंनी कीबोर्डची घडी घातली. "मी लिहायचं ते लिहिलं. छापायला तूच नेणार. काय छापलंय ते मला काही दिसणार नाही."

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. जे होतं ते त्यांनी सांगितलं होतं. ऑफिसला जाताना बसमध्ये मी फोन उघडला आणि ते नाव पुसलं. वाक्य नावाशिवायही व्यवस्थित वाचलं जात होतं, कुणाला काही राहिलंय असं वाटलं नसतं. सहा मागण्यांचं ते पत्रकही असंच व्यवस्थित वाचलं गेलं असणार. दोन स्टॉप मी तशीच बसून राहिले. मग काचेवर, चुकत चुकत, नाव परत लिहिलं. आणि छापायच्या आधी ते बाबांना दाखवायचं ठरवलं, निदान त्यांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून.

बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "यात एक चूक आहे," ते म्हणाले.

आता कारणं येणार, मला वाटलं.

"'समितीनं ठरवलं' असं लिहिलंय बाईंनी. समितीनं सातही मंजूर केल्या होत्या. बाईंच्या क्लासचा जिना चढताना मी एकट्यानं ठरवलं. मागून समितीला सांगितलं, टायपिंगमध्ये राहून गेली."

"का पण?"

"संप करून पाळणे मागतात, असं म्हणून मालक हसतील असं वाटलं." त्यांनी चष्मा काढला. "त्यांना म्हणावं, दुरुस्त करा. माझं नाव राहू द्या, समितीचं काढा."

मी बाबांना चौकाचौकांत गरजताना ऐकलं आहे. इतक्या हळू आवाजात पहिल्यांदा ऐकलं.

बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कीबोर्डची घडी उलगडली. "इतकी वर्षं मी त्या सगळ्या समितीवर राग धरून बसली," त्या म्हणाल्या. "काढ ती ओळ कुठे आहे ती." मी ओळ शोधून दिली. पुढचं त्यांनी केलं.

प्रती पन्नास काढल्या, पण त्या खात्यातल्या हयात असलेल्या तीनच बायकांचा पत्ता लागला. दोघींच्या घरी मी दिल्या. तिसरी प्रत बाईंनी माझ्याकडून मागून घेतली. पुण्याला निघायची तारीख तोंडावर आली होती. मी त्यांना रिक्षानं नंदानगरला घेऊन गेले.

गंगूबाई दारातच मेथी निवडत बसल्या होत्या. बाईंनी कागद पुढे केला. गंगूबाईंनी तो हात लांब धरून अक्षर अक्षर लावत वाचला. खूप वेळ लागला. बाई उभ्याच होत्या, मान एका बाजूला कलती करून, कारण कडेनंच त्यांना गंगूबाईंचा चेहरा दिसणार होता.

वाचून झाल्यावर गंगूबाईंनी कागदाची घडी करून कमरेला खोचली. मेथीचं ताट उचललं. मग परत खाली ठेवलं, बाईंचा हात धरला आणि त्यांना उंबरा ओलांडून आत नेलं.

"चहा टाकते," आतून आवाज आला. "साखर तेवढीच ना गं?"

"आता बंद झाली."

"माझीही," गंगूबाई म्हणाल्या.

मी बाहेर पायरीवर बसले आणि राहिलेली मेथी निवडायला घेतली.