हे लातूर न्हाई

लातूर आणि लातूर रोड ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, एवढी एकच गोष्ट जगाला पटवून देण्यासाठी जन्माला आलेला माणूस मी पाहिला आहे, आणि ते माझे मेहुणे आहेत. माझ्या बायकोचे थोरले भाऊ. हदगावकडच्या गावांत ग्रामसेवक म्हणून नोकरी करून ते आता नांदेडला स्थायिक झालेत. बीपी नाही, शुगर नाही, व्यसन नाही. फक्त कुणी ‘लातूर रोडला उतरलो, म्हणजे लातूरलाच आलो की’ असं म्हटलं, की त्यांचा चेहरा कुणी भाजीत साखर घातल्यासारखा होतो.

याचं मूळ त्यांच्या मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात आहे. ‘लातूरला घर स्टेशनच्या मागंच आहे, कुणालाही विचारा’ असा मुलीकडून निरोप होता. मेहुणे नांदेडहून रेल्वेनं निघाले, लातूर रोडला उतरले आणि स्टेशनच्या मागं जाऊन घर शोधू लागले. मागं ज्वारी होती. ज्वारीतल्या माणसानं त्यांना पुढच्या वस्तीवर पाठवलं, वस्तीवरच्यांनी आणखी पुढं. लातूर तिथून जीपनं तासभर लांब आहे, हे कळेपर्यंत ऊन उतरलं होतं. ते पोचले तेव्हा पोहे गार झाले होते आणि मुलीचे वडील तापले होते. मुलीला मात्र, मिशा धुळीनं पांढऱ्या झालेला हा माणूस सबंध दुपार आपलं घर शोधत होता, याचं अप्रूप वाटलं. त्याच आमच्या वहिनी.

लग्न जमलं, पण ती दुपार मेहुण्यांच्या मनातून गेली नाही. म्हाताऱ्या रेल्वेवाल्यांना चहा पाजून पाजून त्यांनी सगळा इतिहास गोळा केला. लातूरला पश्चिमेकडून छोटी गाडी यायची, तिचं स्टेशन गावातच होतं. मोठी लाईन निजामाच्या अमलात टाकली गेली ती गावापासून लांब, पूर्वेकडून. त्या लाईनवरच्या ज्या स्टेशनातून लातूरला रस्ता फुटायचा, ते झालं लातूर रोड. “रोड म्हंजे गाव न्हाई, दाजी,” ते मला सांगतात, “गावाकडं जायचा रस्ता. रेल्वेनं खरं तेच लिहिलंय. लोकच अर्धं वाचून राहिले.”

अर्धं वाचणं आणि अर्धं बोलणं त्यांना सारखंच खपत नाही. नांदेडच्या स्टेशनाला ते नुसतं नांदेड कधीच म्हणत नाहीत. एकदा त्यांनी रिक्षावाल्याला रीतसर ‘हुजूर साहिब नांदेड’ असं पूर्ण नाव सांगितलं, तर त्यानं त्यांना नेऊन सोडलं गुरुद्वाऱ्याच्या दारात. गाडी गेली. मेहुणे लंगरमध्ये पोटभर जेवून घरी परतले आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या रिक्षावाल्यालाही तेच पूर्ण नाव सांगून निघाले.

माझ्या मुलीचं लग्न लातूरच्या मुलाशी ठरलं, तेव्हा पत्रिकेचा मजकूर त्यांच्याच नजरेखालून गेला. घरातल्या लहान पोरांच्या आग्रहाच्या निमंत्रणाखाली एक ओळ वाढली : ‘टीप : लातूर रोड येथे उतरू नये.’ आता लातूरपर्यंत मोठी लाईन झाली होती, तरी गाडी लातूर रोडला थांबून मगच पुढं जायची आणि नवखी माणसं तिथंच उतरायची. बायकोनं पत्रिका पाहून कपाळाला हात लावला. पण ओळ राहिली.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे गाडीत. लातूर रोड येताच मेहुणे सवयीप्रमाणे डब्यातून फिरले, प्रत्येकाला “हे लातूर न्हाई, बसून ऱ्हावा” असं बजावून परत जागेवर बसले. तेवढ्यात खिडकीतून त्यांना शेजारच्या डब्यातून उतरलेले बापलेक दिसले. बोलण्यावरून हदगावकडचीच माणसं. मुलीची लातूरला प्रवेशपरीक्षा होती, आणि बाप चहावाल्याला परीक्षेचं सेंटर विचारत होता. मेहुणे खाली उतरले. त्यांनी बापाला समजावलं आणि तो परत चढायलाही निघाला होता. पण जाता जाता त्यानं विचारलं, “मग बोर्डावर लातूर कामून लिहिलंय?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत मेहुण्यांना कुणी आपणहून विचारला नव्हता. त्यांनी निजामापासून सुरुवात केली. छोट्या गाडीपर्यंत आले, तेव्हा आमची गाडी सुटली होती.

लग्नात नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामानं, आणि तिला मामा एकच. फोनवर मेहुणे म्हणाले, जीप मिळाली आहे, येतोच. लग्नाचं कार्यालय आणि परीक्षेचं सेंटर लातूरच्या दोन टोकांना होतं, आणि दोन्हीची वेळ जवळपास एकच. मुहूर्त जवळ आला. भटजी घड्याळाकडं, वरपिता माझ्याकडं पाहू लागले. कुणीतरी लांबच्या मामाचं नाव सुचवलं. माझी मुलगी खोलीतून बाहेर आली नाही. तिनं आतून शांतपणे सांगितलं, “मामा आल्याबिगर मी निघत न्हाई.” तिची आई विनवून थकली. हट्ट कुठून आला हे विचारायची सोय नव्हती.

मुहूर्त टळला. त्यानंतर मेहुणे आले, घामानं निथळत, फेटा काखेत. आधी त्या पोरीला सेंटरच्या फाटकातून आत जाताना पाहिलं आणि मगच इकडं वळले होते. वरपित्यानं विचारलं, ओळख ना पाळख, त्यांच्यासाठी घरच्या लेकीचा मुहूर्त घालवलात?

“गाडी त्यांची माझ्यामुळं गेली,” मेहुणे म्हणाले. “लग्नाला दुसरी वेळ काढता येते, सोयरे. पेपरला न्हाई येत.”

वरपित्यानं भटजींना खूण केली. भटजींनी पंचांग उघडून जरा पुढची वेळ काढली, आणि मामाचा हात धरून माझी मुलगी बाहेर आली. अंतरपाटाशी उभे असताना मेहुण्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते त्यांनी काखेतल्या फेट्यानंच पुसलं.

आता त्यांचे गुडघे गेलेत. प्रवास फारसा होत नाही. गेल्या महिन्यात माझ्या मुलीकडं लातूरला जायला आम्ही तिघं निघालो, ते, वहिनी आणि मी. परळी सोडल्यावर खिडकीला डोकं टेकून त्यांचा डोळा लागला. लातूर रोडला गाडी थांबली, बराच वेळ उभी राहिली, तरी ते जागे झाले नाहीत. समोरच्या बाकावरची एक बाई सामान उचलत विचारू लागली, लातूर आलं का? मी तोंड उघडणार, तोच वहिनी पुढं वाकल्या.

“न्हाई ओ बाई, अजून हाय,” त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी वर ओढली.