फाटकाच्या आत पाच जण

जिंतूरच्या तहसील कचेरीसमोर लिंबाखाली बसून मी गेली कित्येक वर्षे लोकांचे अर्ज लिहीत आलो आहे. शिक्षण आठवीपर्यंतच झाले, हे मी लपवीत नाही. परंतु माझ्या हातचा मजकूर या कचेरीतून क्वचितच परत आला आहे. म्हणूनच, मतदार यादीतून नावे परस्पर वगळण्याविरुद्ध मोर्चा काढण्याचे ठरले, तेव्हा निवेदनाचा मसुदा माझ्याकडेच आला. ‘मतदाराच्या हाती लेखी नोटीस दिल्याशिवाय व त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय कोणाचेही नाव वगळण्यात येऊ नये,’ ही मागणी मी सर्वांत वर घातली. मोर्चाच्या पुढाऱ्यांनी कागद वाचला नाही. नुसता हातात तोलला आणि म्हणाले, “वजनदार झालंय.”

ही मागणी मला एका बाईमुळे सुचली होती. ती जवळच्याच खेड्यातली विधवा. दिवाळी झाली की भाऊ-भावजयीबरोबर ऊसतोडीला जाते आणि उन्हाळ्यात परतते. तपासणीला माणूस आला तेव्हा तिच्या दाराला कुलूप होते. ‘कायम स्थलांतरित’ असा शेरा पडला आणि नाव गेले. भावाच्या घरी म्हातारी आई असते, म्हणून त्या दोघांची राहिली. तिला हे कळले ते ग्रामसभेत. वस्तीच्या नळाचे विचारायला ती उभी राहिली, तर समोरून आवाज आला, “खाली बस. ग्रामसभा मतदारांची असती. तुझं तं नावच न्हाई.”

“बसले मग खाली,” ती मला म्हणाली होती. “पण दादा, मला पुन्यांदा उभं राहायचंय तिथं.”

मोर्चाच्या दिवशी ती गाठोडे घेऊनच आली. मुकादमाचा ट्रक त्याच दुपारी सुटणार होता. तिने पुढाऱ्यांना गाठले. “साहेब, ट्रक निघायलाय. मला आधी आत घाला.”

“मावशे, दम धर. भाषणं तरी होऊ दे.”

“तुमचं भाषण थांबंल, साहेब. ट्रक न्हाई थांबत.”

भोवतालचे लोक हसले. पुढारीही हसले आणि टेम्पोवर चढले. भाषणे झाली, हारतुरे झाले. लोकशाही हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला की चहावालाही कंटाळला. उन्हे कलल्यावर मोर्चा फाटकाशी पोचला. पोलिसांनी पाच जणांनाच आत सोडण्याचे सांगितले. पुढारी गेले, त्यांचा मेहुणा गेला, दोन कार्यकर्ते गेले आणि पाचवा फोटो काढणारा गेला. मसुदा ज्याने लिहिला तो बाहेर राहिला, याचे मला जे वाटले ते वाटलेच. परंतु जिच्यासाठी लिहिला तीही बाहेरच राहिली.

तिने फाटकावरच्या शिपायाला विचारून पाहिले. तो म्हणाला, “आत जायच्या यादीत नाव हाय का?”

“कोणच्याच यादीत न्हाई बाबा मी,” ती म्हणाली.

तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. भाऊ ट्रकमधून हाका मारू लागला. तिने माझ्याकडे एकदा पाहिले, गाठोडे उचलले आणि गेली.

आत काय झाले, ते मला फोटोवाल्याने सांगितले. तहसीलदारांनी निवेदन बाजूला ठेवून विचारले, “नाव कोणाचं वगळलंय? त्यांना समोर आणा. अर्ज आत्ता घेतो, चौकशीही आजच लावतो.” पाचांचीही नावे यादीत शाबूत होती. मग मेहुणा धावत फाटकाशी आला आणि मलाच विचारू लागला, “ती मावशी कुठाय?” मी रस्त्याकडे बोट दाखवले. निवेदनावर पोच मिळाली. फोटो झाला.

पुढे निवडणूक आली. पुढारी स्वतः उभे राहिले आणि निवडूनही आले. मोर्चाचा फोटो त्यांच्या पत्रकावर ठळक छापला होता.

उन्हाळ्यात ती परतली आणि माझ्यासमोर येऊन बसली.

“मतदानाला जीप आली व्हती की आमच्या उसाच्या फडावर. आपल्याच साहेबाची.”

“मग बसली नाहीस?”

“यादी वाचून बसवायले व्हते. भाऊ गेला, भावजय गेली. म्या सगळ्यांची लेकरं सांभाळली. कुणीतरी लागतंच की मागं.”

मी नव्याने अर्ज भरला. घरी तपासणीला माणूस कधी येईल, हे कारकुनाला विचारून आलो. तो म्हणाला, दिवाळी झाली की.

तिला सांगितले.

“मग अर्जात एवढं लिवा दादा, का ते कुलूप माझंच हाय.”

असे अर्जात लिहिता येत नाही. मी तिला तसे सांगितले आणि सहीची जागा दाखवली.