अकरावे चित्र

ते प्रकरण वीस वर्षांनंतरही माझ्या मनातून गेलेले नाही. त्याचा तपास मी पूर्ण केला, असे तेव्हा मला वाटले होते.

पुण्यातील एका वैद्यकीय ग्रंथालयात नेत्रवैद्यकावरील जुना युरोपीय ग्रंथ होता. त्यात डोळ्याच्या रचनेची हाताने रंगवलेली चित्रे होती. सूचीत बारा, मोजणीत अकरा. तक्रार नोंदवल्यावर ठाण्यात निनावी पत्र आले: ग्रंथालयाचा परिचर घरी पुस्तकबांधणी करतो, त्याच्याकडे पाहा. झडतीत पातळ पाती, सरस आणि जुने कागद सापडले. मला तेवढे पुरेसे वाटले.

चौकशीत तो एकच मुद्दा मांडत राहिला. "साहेब, पान कापलं तर शिवणीत त्याची कड उरते. ती दाखवा, मग मला चोर म्हणा."

कड नव्हती. मी म्हणालो, "तुझ्यासारखा कारागीर ती मागे ठेवेल का?"

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लिहा, काय लिहायचं ते." यालाच मी प्रकरणाची उकल मानले. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात ग्राह्य नसते. तो निर्दोष सुटला. नोकरी मात्र त्याला परत मिळाली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मुलीकडे जपानमध्ये त्सुकुबाला होतो. तेथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुन्या वैद्यकग्रंथांचे प्रदर्शन होते आणि त्यात त्याच ग्रंथाची दुसरी प्रत होती. ग्रंथपाल बाईंनी अकरावे चित्र पातळ पट्टीने अलगद उचलले. ते पानावर एका बाजूने चिकटवलेली झडप होते. एरवी मला जपानीतच उत्तरे देणारी नात मराठीत म्हणाली, "आजोबा, खाली अजून एक आहे."

मी पुण्याला पत्र पाठवले. उत्तर आले: झडप ओलाव्याने चिकटली होती, खाली बारावे चित्र जसेच्या तसे आहे.

परतल्यावर परिचराचे घर शोधले. तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याच्या पत्नीने मला बसायला सांगितले, सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "दोन वर्षं आधी आला असतात, तर त्यांनीही ऐकलं असतं."

नव्या अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो: जी वस्तू मिळाली नाही, तिच्यापुढे 'आढळली नाही' असेच लिहावे. त्या प्रकरणाच्या पंचनाम्यात चित्रापुढे माझ्या अक्षरात 'चोरीस गेले' असे आहे. ते आता मला खोडता येत नाही.