उंच गाडीचा तोरा

साठीला मी फारच अल्लड होते. माझी बुटकी जुनी गाडी सुरेख चालत असताना मी ती विकायला काढली, कारण घोडेगावच्या जाऊबाईंनी नवी उंच गाडी घेतली होती. मीही लगोलग तसलीच आणली. वरून लोकांची टकलं दिसतात, म्हणून खूश!

जुनी गाडी बघायला अवसरीकडच्या एक बाई आल्या, थोरल्या मुलाला घेऊन. वयानं माझ्याएवढ्याच, पण गुडघे गेलेले. मुलगा बॉनेट उघडून आत डोकावत बसला. बाईंनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दार उघडून आधी सीटवर टेकल्या, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला, पदर सावरला आणि दार स्वतः लावलं. उतरल्या, पुन्हा बसल्या.

"दवाखान्यात जाताना पोरगं मला पोत्यावानी उचलून जीपमधी टाकतंय," त्या म्हणाल्या. "चार माणसांत लई लाज वाटती."

तरी मला पोच नाही. स्वतःच्याच मालाची नालस्ती करत म्हणाले, "ही फारच ठेंगणी हो. ती नवी बघा, काय रुबाब आहे!" आणि तो रुबाब दाखवायला चढायला गेले. एक पाय आत, एक जमिनीवर, हातात वरची मूठ, अशी लोंबकळत राहिले. शेवटी त्यांच्या मुलानंच मला वर ढकललं.

बाई हसल्या नाहीत. बुटक्या गाडीतून वर माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ताई, ही तर मी नेते. पर तुमी आता खाली उतरणार कशा?"