सात नंबरचा सेल

नव्वदीच्या दशकात आमचं डिटॅचमेंट एका बर्फाळ पोस्टवर होतं. काम एकच. खाली नाल्यांत फिरणाऱ्या पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, आवाज रेडिओवरून हेडक्वार्टरला पोचवायचा. सुभेदार साहेब, मी हवालदार मगदूम, गडहिंग्लजचा, आणि नाईक सदा कांबळे, आमचा कळंब्याचा. दोन कोल्हापूरकर एका बंकरमध्ये, म्हणजे गोंगाटाला तोटा नव्हता. साहेब म्हणायचे, तुम्हाला सेट कशाला लागतो? नुसती हाक मारा.

सेट बारा सेलच्या बॅटरी बँकेवर चालायचा. एकेक सेल दोन व्होल्टचा. दोन सेलच्या प्रत्येक जोडावरून एक बारीक वायर पॅनेलला जायची, आणि पॅनेल प्रत्येक सेलचं व्होल्टेज दाखवायचं. एखादा सेल फार खाली दिसला की बँक वाचवायला पॅनेल सेटची सप्लायच तोडायचं.

फौजेत इन्स्पेक्शन आलं की जागचं हलत नाही त्या सगळ्याला रंग लागतो. दगड, बादल्या, खांब. त्या वेळी कांबळेनं बॅटरीवरच्या वायरींच्या टोकांचे धातूचे लगसुद्धा सोडवले, लाल ऑइलपेंट मारला आणि परत बसवले.

"नवरीगत नटवलीया की रं!" कांबळे म्हणाला.

"मग तुझ्यासंगच लगीन लावू," मी म्हणालो. इन्स्पेक्शन झकास झालं. काही दिवसांनी कांबळे ऑपरेटर म्हणून पेट्रोलसोबत गेला.

त्या दुपारी हेडक्वार्टरचा मेसेज आला. नाल्यावरचा बर्फ सुटायला आलाय, पेट्रोलनं डोंगराच्या धारेवरून परत यावं. मी माईक उचलून पेट्रोलला त्याच्या रेडिओवरच्या नावानं हाक दिली. "ब्राव्हो, ब्राव्हो..." आणि सेट बंद. पॅनेलवर सात नंबरचा सेल एक पॉइंट सहा. रीसेट केलं, सेट लागला, पुन्हा बंद.

"सेल गेला. बदल," साहेब म्हणाले.

"साहेब, पॅनेल सोडून सेट डायरेक्ट जोडू?"

"आणि बँकच बसली तर? रात्रभर काय करणार? बदल."

स्पेअर सेल चढवला. बोटं थंडीनं लाकूड झाली होती. पॅनेल बघितलं, तर नवा कोरा सेलही एक पॉइंट सहा! मी तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. मग शेजारच्या आठ नंबरवर नजर गेली. दोन पॉइंट चार. एकाचं जेवढं कमी, तेवढंच दुसऱ्याचं जास्त. मीटर थेट सेलवर लावला. दोन्ही बरोबर दोन व्होल्ट. सेलला काही झालंच नव्हतं. दोघांच्या मधल्या जोडावरची वायर खोटं सांगत होती.

तिचा लग आठच्या बाजूला होता, सेल बदलताना त्याला हात लागला नव्हता; तो उघडला. आतल्या बाजूलाही लाल रंग. थंडीनं नट सैल पडला होता, आणि रंगामुळे धातूला धातू लागत नव्हता. चाकूनं खरवडला, लखलखीत केला, नट आवळला. सात, दोन. आठ, दोन. सेट लागला.

"ब्राव्हो, नाल्यात उतरू नका. धारेवरून या. ओव्हर."

"मगदूम, नाल्यातच हाय की आम्ही! मी पुढं हाय, बाकीचे मागं. थांब, त्यास्नी परतवतो." मग माईक चालूच ठेवून तो ओरडला, "मागं फिरा! पळा!" त्यानंतर नुसती खरखर.

मागं होते ते सगळे परत आले. कांबळे आला नाही.

रिटायर झाल्यावर मी कळंब्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईनं चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लोक काय बी बोलत्यात. माझ्या लेकाची कायतरी चूक झालती का?"

"न्हाई, आई. वायर खराब होती."

एवढंच बोललो. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. अजून कधी दुपारी बसल्या जागी बोटं शिवशिवतात. तो सेल बदलण्यात गेलेला वेळ मला कुठं ठेवावा कळत नाही. आई आता नाहीत, म्हणून आज लिहितोय. ब्रश त्याचा होता, पण रंग आम्हा सगळ्यांचा होता.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाला त्याच्या नावाचा छोटा दगडी खांब आहे. पंधरा ऑगस्ट आला की पोरं हौसेनं त्याला ऑइलपेंट मारतात, आणि कोरलेली अक्षरं रंगानं बुजून जातात. मी दरवर्षी आदल्या दिवशी गडहिंग्लजहून एसटीनं येतो, खिशातला चाकू काढतो आणि खाली बसतो.

"पावणं, नवा रंग हाय, खरवडताय कशाला?" पोरं ओरडतात.

"नाव दिसू दे की त्याचं," मी म्हणतो, आणि नाईक सदा कांबळे, एकेक अक्षर दगड लागेपर्यंत खरवडतो.