नळाला लावलेलं कुंकू

लग्न करून मी वर्ध्याहून भिलाईला आले, तेव्हा तिथला पोलादाचा कारखाना अजून बांधून व्हायचा होता. आम्ही टिनाच्या शेडमध्ये राहत होतो आणि पाणी मी तळ्यावरून आणायची. लाल मुरमाच्या धुळीत संध्याकाळचा उजेड तरंगत राहायचा. वाटायचं, हे गाव कुणाच्या तरी स्वप्नातून हळूहळू वर येतंय.

दोन वर्षांनी ह्यांना कारखान्याचं क्वार्टर मिळालं. आत गेल्या गेल्या मी स्वयंपाकघरातला नळ सोडला. त्या पाण्याखाली हात धरून कितीतरी वेळ उभी राहिले आणि मग नळाला हळदकुंकू लावलं.

आमचे हे दारातून हसले. "नळाले कावून पूजून राहिली?"

"देवानं पानी घरात आणून देल्लं ना," मी म्हटलं. "त्याचे पाय कुठं दिसतात मले?"

ते हसायचे थांबले. चपला काढून माझ्याजवळ आले आणि त्यांनीही हात जोडले.

पुढं मुलं झाली, नातवंडं झाली. हे प्रत्येक शिफ्टवरून धडधाकट घरी आले आणि म्हातारपणी झोपेतच शांतपणे गेले. एवढं मी मागितलंही नव्हतं. आता सकाळी देवासमोर डोळे मिटून बसते, तर मागायला काही आठवतच नाही.