बर्गनच्या मासळीबाजारातला नळ

बर्गनला निघायच्या आदल्या दिवशी मी पेटी बांधून कॉटखाली सारली. ती पेटी बर्गनसाठी नव्हती, गावासाठी होती. शारजात दोन उन्हाळे काढले होते आणि आता खलास, असं मी ह्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं. तिथल्या रोल्ला चौकातल्या वडाजवळ आमचं घर. अंगणात विहीर, तीही खारट. पिण्याचं गोडं पाणी गाढवावरून पत्र्याच्या डब्यांतून यायचं. ते कोपऱ्यातल्या पिंपात ओतायचं, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि पेल्यापेल्यानं पुरवायचं. तांदूळ धुतलेलं पाणी मी एकदा वाळूत फेकलं, तर शेजारीण दिवसभर हळहळत होती, जसं काही मी तूपच सांडलं. मी रत्नागिरीकडची, परसात बारमाही पाट वाहणाऱ्या घरातली. माणसानं सोसायचं तरी किती?

ठरलं होतं ते असं: आगबोटीनं मुंबई, तिथून गाव, आणि परत येणं नाही. ह्यांनी वाद घातला नाही. हे लाँचींच्या इंजिनांच्या कंपनीत होते. इतकंच म्हणाले, “कंपनी नॉर्वेत बर्गनला पाठवतेय, नवी इंजिनं बघायला. आठवडाभर तूही चल. मग जा गावाला.”

मी विचारलं, “तिथे पाणी आहे ना? मग येते.”

बर्गनला पाण्याशिवाय दुसरं होतं काय! खाली समुद्र, वर डोंगर, आणि मधल्या गावावर सकाळपासून रिपरिप. तिथल्या लोकांना त्याचं काहीच नाही, बिनछत्रीचे खुशाल फिरत होते. हॉटेलात मी नळाचं पाणी पेल्यावर पेले प्याले, तहान नसताना. दोनदा आंघोळ केली. शारजावर सूड उगवल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

कारखान्यातलं काम आटोपल्यावर ह्यांनी मला जुना धक्का दाखवायला नेलं. लाल-पिवळी लाकडी घरं, शेकडो वर्षांची, एकमेकांना टेकून उभी. आत शिरले आणि थबकले. सुक्या मासळीचा वास! मी म्हटलं, “अहो, हा तर आपल्या रत्नागिरीचा मिरकरवाडा. फक्त माणसं गोरी.” एक म्हातारा गाईड इंग्रजीत माहिती सांगत होता आणि हे मला मराठीत करून सांगत होते. परमुलखातले व्यापारी इथे येऊन राहायचे, सुका मासा घ्यायचे, जहाजं भरून पाठवायचे. आगीच्या भीतीनं घरात चूलसुद्धा पेटवायची नाही, असल्या थंडीत.

वरच्या मजल्यावर भिंतीत एक कपाट होतं. गाईडनं दार सरकवलं, तर आत बिछाना, जेमतेम माणूस मावेल एवढा. तो बराच वेळ बोलला. ह्यांनी आतल्या फळीवर हात ठेवला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“काही नाही. झोपायची जागा आहे.”

“एवढं बोलला तो. सांगा ना.”

हे कपाटाकडे बघतच म्हणाले, “इथल्या माणसांना बायको करायची बंदी होती. वर्षानुवर्षं असेच राहायचे, म्हणतोय.”

लग्नानंतर मला गावी ठेवून हे शारजात आठ जणांच्या खोलीत राहिले होते. तिथे कॉटसुद्धा पाळीपाळीनं मिळायची. त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नव्हते, मीही विचारलं नव्हतं. आता त्या फळीवर हात ठेवून उभे होते. जिना उतरताना मी विनाकारण त्यांच्यावर खेकसले, सावकाश चालता येत नाही का म्हणून.

बाहेर पडलो तर जवळच मासळीबाजार. बर्फावर मोठाले मासे मांडलेले. एका टेबलाशी नळ मोकळा सोडलेला, खाली बादलीसुद्धा नाही. पाणी फरशीवरून सरळ समुद्रात चाललेलं. मी पुढे झाले आणि नळ बंद केला. मासेवाली हसली, तिनं तो परत सोडला. तिला काही धुवायचं नव्हतं, मी नीट बघितलं होतं. मी पुन्हा बंद केला. तिनं कमरेवर हात ठेवले.

हे हसायला लागले. कित्येक दिवसांनी त्यांना हसताना बघत होते.

“अगं, त्यांचं पाणी आहे. वाहू दे की.”

“वाहू दे काय? एव्हाना आपलं पिंप भरलं असतं.”

बोलले आणि माझं मलाच आश्चर्य वाटलं. माहेरी पिंप नव्हतंच कधी. डोळ्यांपुढे आलं ते शारजातलं, कोपऱ्यातलं, गोणपाट घातलेलं. मघापासून मी कुणाच्या घरातलं पाणी वाचवत होते?

छत्रीवर पाऊस पडत होता. मी विचारलं, “पाणीवाल्याला काय सांगून आलात?”

“परतलो की येईल तो. रोज एक डबा टाक म्हटलंय.”

“एकच?”

“एकट्याला पुरतो.”

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. असता, तर मी उलट भांडले असते आणि गेलेही असते. मला रडू आलं. तिथल्या पावसात ते कुणाला दिसणार होतं म्हणा.

“दोन सांगा,” मी म्हटलं. “आणि ती पेटी तुम्हीच ओढा कॉटखालून. जड आहे.”